बिअरच्या कारखान्यातला ‘स्टुडंट’

लातूरच्या मोंढ्यात आडत्या पोत्यातून मूठभर तूर काढतो, तळहातावर पसरून पाहतो आणि सगळ्या मालाचा भाव ठरतो. त्या मुठीवर किती भरवसा ठेवायचा? वैद्यकशास्त्रालाही रोज पडणाऱ्या या प्रश्नाचे उत्तर एका बिअरच्या कारखान्यात सापडले. ते शोधणाऱ्याचे ‘स्टुडंट’ हे टोपणनाव आम्हा डॉक्टरांना पाठ्यपुस्तकातून माहीत असते. खरे नाव फार थोड्यांना.

विल्यम सीली गॉसेट यांचा जन्म १८७६ मध्ये इंग्लंडमधील कँटरबरी येथे झाला. ऑक्सफर्डला गणित आणि रसायनशास्त्र शिकून १८९९ मध्ये ते डब्लिनच्या गिनेस कंपनीत रुजू झाले.

बिअरला कडूपणा येतो तो हॉप नावाच्या वेलीच्या फुलांमुळे. त्यांतली मऊ राळ जिवाणूंना रोखते आणि बिअर टिकवते. म्हणूनच जहाजाने हिंदुस्थानात पाठवायच्या बिअरमध्ये हॉप जास्त घालत. आज पुण्या-मुंबईत मिळणाऱ्या कडवट ‘इंडिया पेल एल’चे नाव त्या प्रवासातून आले. जुने जाणकार ही फुले तळहातावर चोळून, हुंगून पारखत. गिनेसच्या रसायनतज्ज्ञांनी राळ मोजायला सुरुवात केली, पण दर मोजणीला आकडा थोडा वेगळा येई. नमुने मोजकेच. मग दोन ठिकाणच्या मालातला फरक खरा की योगायोगाचा? तेव्हाचे संख्याशास्त्र मोठ्या संख्येतल्या नोंदींवर उभे होते.

१९०६ मध्ये कंपनीने गॉसेटना लंडनला कार्ल पिअर्सन यांच्याकडे शिकायला पाठवले. तिथे त्यांनी ३,००० कैद्यांची उंची आणि मधल्या बोटाची लांबी पुठ्ठ्याच्या तुकड्यांवर लिहिली, तुकडे पिसले आणि चार-चारचे ७५० गट पाडले. लहान गटाची सरासरी किती फसवू शकते, याचे स्वतः मांडलेले गणित त्यांनी त्यावर ताडून पाहिले. १९०८ मध्ये निबंध छापून आला, पण कंपनीला धंद्याची गुपिते फुटण्याची धास्ती होती. म्हणून लेखकाच्या जागी फक्त ‘स्टुडंट’ छापले गेले. पुढे रोनाल्ड फिशर यांनी या कामाला भक्कम गणिती पाया दिला आणि ‘टी’ चाचणी जगभर गेली. गॉसेट मात्र शेवटपर्यंत गिनेसमध्येच राहिले. १९३७ मध्ये, वयाच्या ६१व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

लंडनच्या त्याच युनिव्हर्सिटी कॉलेजात सातारा जिल्ह्यातील बुध गावचे पां. वा. सुखात्मे शिकले. पुढे त्यांनी हे शास्त्र शेती आणि आहाराच्या प्रश्नांना लावले.

नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत एका नव्या औषधाने माझ्या पाचपैकी चार रुग्णांना गुण आला. मी हुरळून गेलो. पुढच्या दहा-बारा जणांत तसे काहीच दिसले नाही. पहिले चौघे कदाचित औषधाविनाही बरे झाले असते. तेव्हा गॉसेट आठवले असते, तर त्या रुग्णांचा खर्च वाचला असता.

हा लेख बिअरची शिफारस नव्हे. ८ टक्क्यांच्या ‘स्ट्राँग’ बिअरच्या ६५० मिलीच्या एका बाटलीत सुमारे ४१ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असते, आणि यकृत कडू-गोड चव पाहत नाही.

शिफारस करायची आहे ती गॉसेट यांच्या सवयीची. काविळीवर किंवा मधुमेहावर अमक्याच्या औषधाने शेजाऱ्याला गुण आला, असे कोणी सांगितले तर दोन गोष्टी विचारा. किती जणांनी घेतले? आणि न घेतलेल्यांचे काय झाले? उत्तर मिळेपर्यंत चालू असलेले उपचार बंद करू नका.