हचिन्सन यांची मोजणी आणि सुंतेचा न संपलेला वाद

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर लंडनच्या मेट्रोपॉलिटन फ्री हॉस्पिटल या धर्मादाय रुग्णालयात गोरगरिबांवर मोफत उपचार होत. जवळच ज्यू वस्ती असल्याने बाह्यरुग्ण विभागात ज्यू आणि ख्रिस्ती असे दोन्ही समाजांचे लोक येत. तिथल्या एका तरुण शल्यचिकित्सकाने गुप्तरोगाच्या रुग्णांची धर्मानुसार विभागणी करून मोजणी केली आणि १८५५ मध्ये ती एका वैद्यकीय साप्ताहिकात प्रसिद्ध केली. त्याचे नाव जॉनथन हचिन्सन. लहान मुलग्यांची सुंता आरोग्यासाठी करावी की नाही, या आजही चालू असलेल्या वादात आकडेवारी पहिल्यांदा आणणाऱ्यांत त्यांची गणना होते.

हचिन्सन यांचा जन्म २३ जुलै १८२८ रोजी इंग्लंडमधील यॉर्कशायर परगण्यातल्या सेल्बी गावी झाला. घराणे क्वेकर पंथाचे. साधी राहणी, दारूपासून दूर राहणे आणि रोजच्या वागण्यात काटेकोर नीती, असे घरचे वळण होते. त्या काळच्या रीतीप्रमाणे त्यांनी यॉर्क शहरात एका डॉक्टरच्या हाताखाली उमेदवारी केली आणि मग लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयात शिक्षण पूर्ण केले. १८५० मध्ये ते रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्सचे सदस्य झाले. सुरुवातीला स्वतःचे रुग्ण कमी असल्यामुळे ते वैद्यकीय नियतकालिकासाठी निरनिराळ्या रुग्णालयांतील केसेसचे वृत्तांत लिहीत. प्रत्येक रुग्णाची नोंद ठेवायची आणि नोंदी एकमेकींशी ताडून पाहायच्या, ही सवय त्यांना आयुष्यभर राहिली.

त्या काळी गरमी, म्हणजे उपदंश, हा मोठा कर्दनकाळ होता. पेनिसिलिन येण्यास जवळजवळ नव्वद वर्षे अवकाश होता. रोगाचा जंतू १९०५ मध्ये सापडला, रक्ततपासणी १९०६ मध्ये आली. उपचार काय, तर पारा, आणि पाऱ्यानेही रुग्ण बेजार होत. रोग बाईला नवऱ्याकडून आणि पोटातल्या बाळाला आईकडून लागे. म्हणून तो टाळण्याचा काही मार्ग आहे का, हा प्रश्न फार निकडीचा होता.

हचिन्सन यांच्या मोजणीत असे दिसले की रुग्णालयात येणाऱ्या लोकांत ज्यूंची संख्या इतरांच्या साधारण एक तृतीयांश होती. पण गरमीच्या रुग्णांत मात्र ज्यू एक, तर इतर पंधरा. ज्यू पुरुषांची सुंता, म्हणजे शिश्नाच्या टोकावरची सैल त्वचा काढून टाकण्याचा विधी, जन्मानंतर आठव्या दिवशी होते. या त्वचेमुळे गरमीचा संसर्ग सोपा होत असावा, असा त्यांचा तर्क होता. ज्यू पुरुष अधिक संयमी असल्यामुळे त्यांना गरमी कमी होत असेल, ही शंका कोणीही काढली असती. हचिन्सन यांनी तिचे उत्तर आधीच शोधून ठेवले होते. परमा हा दुसरा गुप्तरोग ज्यू रुग्णांत कमी नव्हता. संयमाचाच प्रश्न असता तर दोन्ही रोग कमी दिसायला हवे होते. सत्तावीस वर्षांच्या डॉक्टरने संख्याशास्त्राचे कोणतेही साधन हाताशी नसताना केलेला हा विचार आजही कौतुकास्पद वाटतो.

तरीही त्यात एक मोठी फट होती. ज्यू आणि ख्रिस्ती यांच्यात फरक फक्त सुंतेचा नव्हता. लग्नसंबंध, वस्ती, शेजारपाजार, कोणाचा कोणाशी संबंध येतो, हे सारेच वेगळे होते. एखादा रोग एका समाजात जास्त आणि दुसऱ्यात कमी पसरायला एवढे कारणही पुरते. शिवाय रुग्णालयात येणारे लोक म्हणजे सबंध समाज नव्हे. दोन गटांत एकच गोष्ट वेगळी ठेवून बाकी सारे सारखे कसे करायचे, याचे उत्तर वैद्यकशास्त्राला जवळजवळ शंभर वर्षांनी मिळाले. चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे माणसांची दोन गटांत वाटणी करणाऱ्या चाचण्या विसाव्या शतकाच्या मध्यावर रुळल्या.

पुढच्या काळात हचिन्सन लंडनमधले नामवंत डॉक्टर झाले. आईकडून गरमी घेऊन जन्मलेल्या मुलांच्या पुढच्या दातांना खाच असते, डोळ्यांची बुबुळे गढूळ होतात आणि ऐकू येणे बंद होते, ही तीन लक्षणे एकाच रोगाची आहेत हे त्यांनी दाखवले. त्यावरचे त्यांचे पुस्तक १८६३ मध्ये आले. वैद्यकीय विद्यार्थी आजही हे त्रिक त्यांच्याच नावाने शिकतात. १८७१ मध्ये त्यांनी आतड्यात आतडे शिरलेल्या दोन वर्षांच्या बाळावर शस्त्रक्रिया करून त्याला वाचवले. १८८६ मध्ये त्यांनी लहान वयातच म्हातारपणाची लक्षणे आणणाऱ्या दुर्मिळ रोगाचे पहिले वर्णन केले. १८८९ मध्ये ते रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्सचे अध्यक्ष झाले.

याच काळातला त्यांचा एक निर्भीड निष्कर्ष लक्षात ठेवण्याजोगा आहे. तेव्हा देवीची लस एका मुलाच्या दंडावरच्या फोडातून घेऊन दुसऱ्याला टोचत. अशा लसीतून निरोगी माणसांना गरमी होऊ शकते, हे हचिन्सन यांनी १८७१ मध्ये उदाहरणांसह मांडले. लसविरोधकांच्या हाती आयते कोलीत मिळेल म्हणून त्यांनी ते दडवले नाही, आणि धोका दिसला म्हणून लसीलाही विरोध केला नाही. पुढे दंडावरून दंडावर लस नेणे बंद झाले आणि वासरापासून मिळवलेली लस वापरात आली. फायदा आणि धोका दोन्ही मोजायचे आणि दोन्ही सांगायचे, हे त्यांनी इथे उत्तम साधले होते.

सुंतेच्या बाबतीत मात्र तसे झाले नाही. पहिल्या लेखानंतर पस्तीस वर्षांनी, १८९०च्या सुमारास, आर्काइव्ह्ज ऑफ सर्जरी या आपल्याच नियतकालिकातून त्यांनी सुंतेचा जोरदार पुरस्कार केला. आता त्यांचा भर गरमीवर राहिला नव्हता. ती त्वचा मुलांना हस्तमैथुनाची सवय लावते, आणि सुंता केल्याने ती सवय मोडते, असे त्यांचे म्हणणे होते. हस्तमैथुनाने शरीर आणि मन खचते, फेफरे आणि वेड लागते, अशी त्या काळच्या बहुतेक डॉक्टरांची समजूत होती. अमेरिकेत लुइस सेयर या अस्थिशल्यचिकित्सकाने १८७० मध्ये एका मुलाचा पायांचा लुळेपणा सुंतेने बरा झाल्याचा दावा केला होता. हा सारा समज चुकीचा होता. हस्तमैथुनाने यातला कोणताही रोग होत नाही. पण हचिन्सन यांच्या या लिखाणात मोजणी नव्हती, दोन गटांची तुलना नव्हती आणि शस्त्रक्रियेने होणाऱ्या इजेचा हिशेबही नव्हता. क्वेकर घरातली नीती आणि काळाची भीती यांनी नोंदवहीची जागा घेतली होती. त्यांच्यासारख्या अधिकारी माणसाचा शब्द म्हणून तो मानला गेला. पुढच्या पन्नास वर्षांत इंग्लंडमधल्या सुखवस्तू घरांत मुलग्यांची सुंता करण्याची चाल वाढत गेली.

मताला घट्ट धरून राहण्याचा हा स्वभाव कुष्ठरोगाच्या बाबतीत आणखी ठळक दिसतो. नॉर्वेच्या हॅन्सन यांना १८७३ मध्ये कुष्ठरोगाचा जंतू सापडला होता. हचिन्सन यांचे मत मात्र असे की नीट न खारवलेले, खराब मासे खाल्ल्याने हा रोग होतो. त्याचे पुरावे गोळा करण्यासाठी सत्तरी ओलांडल्यावर ते दक्षिण आफ्रिकेला आणि १९०२-०३ मध्ये हिंदुस्थानात आले. इथे माशाला स्पर्शही न करणाऱ्या समाजांतही कुष्ठरोग होता. तरीही त्यांनी आपले मत सोडले नाही. १९०६ मध्ये त्यावर पुस्तकच प्रसिद्ध केले. १९०८ मध्ये त्यांना सर ही पदवी मिळाली. २३ जून १९१३ रोजी हॅसलमिअर येथे त्यांचे निधन झाले. त्या गावात त्यांनी सामान्य लोकांसाठी उभारलेले संग्रहालय आजही चालू आहे.

त्यांच्या मागे राहिलेल्या प्रश्नाचा पुढचा हिशेब इतरांनी केला. १९४९ मध्ये डग्लस गेर्डनर या बालरोगतज्ज्ञाने ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये दाखवले की जन्मतः केवळ चार टक्के मुलांची ती त्वचा पूर्ण मागे सरकते. बाकीच्यांची ती आतून चिकटलेली असते आणि वयाबरोबर आपोआप सुटी होते. म्हणजे ज्याला दोष समजून सुंता केली जात होती, ती बहुतेकदा नैसर्गिक अवस्था होती. शिवाय इंग्लंड आणि वेल्समध्ये या शस्त्रक्रियेमुळे दरवर्षी सुमारे सोळा लहान मुले दगावत होती. त्यानंतर ब्रिटनमध्ये सरसकट सुंतेची चाल झपाट्याने ओसरली. अमेरिकेत ती टिकली.

मग एचआयव्ही आला. दक्षिण आफ्रिका, केनिया आणि युगांडा येथे सुमारे ११ हजार पुरुषांवर झालेल्या, चिठ्ठ्या टाकून वाटणी केलेल्या तीन चाचण्यांचे निष्कर्ष २००५ ते २००७ मध्ये आले. स्त्रीकडून पुरुषाला होणारा एचआयव्हीचा संसर्ग सुंतेमुळे निम्म्याहून अधिक कमी झाला. २००७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने, जिथे हा संसर्ग फार पसरला आहे अशा आफ्रिकी देशांसाठी ऐच्छिक सुंतेची शिफारस केली. हचिन्सन यांच्या मूळ तर्काला, म्हणजे त्या त्वचेतून रोग शिरतो या कल्पनेला, त्यामुळे आधार मिळाला. पण युगांडातल्या चाचणीत ज्या रोगासाठी त्यांनी मोजणी केली होती, त्या गरमीच्या प्रमाणात फरक पडला नाही. काही अन्य निरीक्षणांत तो दिसला आहे.

या चाचण्यांतले पुरुष जाणते होते आणि त्यांनी स्वतः होकार दिला होता. आठ दिवसांच्या बाळाला होकार देता येत नाही, आणि लैंगिक संबंधांतून होणाऱ्या रोगांचा धोका त्याला लगेच नसतो. वादाची खरी गाठ इथे आहे. बाळपणातला एक प्रत्यक्ष फायदा म्हणजे मूत्रमार्गाचा संसर्ग कमी होणे. पण निरोगी मुलग्यांत असा एक संसर्ग टाळण्यासाठी शंभरहून अधिक मुलांची सुंता करावी लागते. अमेरिकन बालरोग अकादमीने २०१२ मध्ये फायदे धोक्यांपेक्षा जास्त असल्याचे म्हटले, तरी सरसकट शिफारस केली नाही. नेदरलँड्सच्या डॉक्टरांच्या संघटनेने २०१० मध्ये, वैद्यकीय कारण नसेल तर बाळांची सुंता टाळावी, अशी भूमिका घेतली. जर्मनीत कोलोन येथील न्यायालयाने २०१२ मध्ये चार वर्षांच्या मुलाच्या प्रकरणात धार्मिक सुंतेला शारीरिक इजा ठरवले. ज्यू आणि मुस्लिम समाजांनी तीव्र आक्षेप घेतल्यावर त्याच वर्षी जर्मन संसदेने अटींसह तिला मान्यता देणारा कायदा केला.

ज्या घरात सुंता धर्माचा भाग आहे, तिथे निर्णय आकडेवारीवर होत नाही. तिथे वैद्यकशास्त्राने आग्रह धरायचा तो प्रशिक्षित हात, निर्जंतुक साधने आणि वेदना कमी करणारे औषध यांचा. रक्त न थांबण्याचा आजार घराण्यात असेल तर ते आधी सांगायलाच हवे. ज्या घरात हा धार्मिक विधी नाही, तिथल्या पालकांनी निरोगी बाळाची त्वचा मागे सरकत नाही म्हणून घाबरू नये आणि ती जोर लावून मागे ओढूही नये. लघवी करताना टोकाशी फुगा येऊन धार अडत असेल, वारंवार सूज किंवा लघवीचा संसर्ग होत असेल, त्वचा पांढरी पडून घट्ट होत असेल, तर डॉक्टरांना दाखवावे. मागे गेलेली त्वचा पुढे येत नसेल आणि सूज चढत असेल, तर मात्र वेळ न घालवता रुग्णालय गाठावे. अनेक मुलांना मलमानेच आराम पडतो. शस्त्रक्रिया लागते ती काहींनाच.