मेंदूभोवतीचं पाणी शोधणारा डॉक्टर : डॉमेनिको कोतुन्यो



आपल्या शेगावच्या बाजारातून एक नारळ घ्या आणि वर्गात मुलांसमोर हलवून दाखवा. आत पाणी वाजतं. आता नारळ फोडा, पाणी सांडू द्या आणि बाहेर उभ्या असलेल्या मुलाला बोलावून फक्त वाट्या दाखवा. आत पाणी होतं, हे त्याला कसं कळणार? मेंदूच्या बाबतीत शरीरशास्त्रज्ञांचं शेकडो वर्षं असंच झालं होतं.

ही चूक पकडणारे कोतुन्यो २९ जानेवारी १७३६ रोजी दक्षिण इटलीतल्या रुवो गावी गरीब घरात जन्मले. नेपल्सला शिकून ते तरुणपणीच तिथल्या रुग्णालयात काम करू लागले. पुढे सायटिकाचं दुखणं अभ्यासताना त्यांचं लक्ष पाठीच्या कण्याकडे गेलं. त्या काळी शवविच्छेदनात आधी डोकं धडापासून वेगळं करीत. त्यातच आतला द्रव वाहून जाई आणि मागे रिकामी जागा दिसे. कोतुन्यो यांनी फक्त क्रम बदलला. डोकं न कापता आधी कमरेजवळचा कणा उघडला, आणि स्वच्छ पाण्यासारखा द्रव बाहेर आला! १७६४ साली त्यांनी हे छापलं, तेव्हा ते अवघे २८ वर्षांचे होते. पण फारशी कुणी दखल घेतली नाही. १८२२ मध्ये ते वारले. १८२५ पासून फ्रान्सच्या माजांदी यांनी या द्रवावर काम केलं, तेव्हा कुठे तो सर्वमान्य झाला.

हाच आपला प्रमस्तिष्क-मेरुद्रव. प्रौढ माणसात तो साधारण १५० मिली असतो, पण रोज जवळपास ५०० मिली नवा तयार होतो आणि जुना रक्तात शोषला जातो. बाहेर कवटी, आत तीन आवरणं आणि त्यांच्यामध्ये हा द्रव. सुमारे १४०० ग्रॅमचा मेंदू त्यात तरंगतो, म्हणून त्याचा भार ५० ग्रॅमइतकाच जाणवतो.

पण या गादीलाही मर्यादा आहे. जोराच्या धक्क्याने मेंदू आतून कवटीवर आपटतो. म्हणून गाडीवर मागे बसलेल्या लेकरालाही हेल्मेट घाला. डोक्याला मार लागल्यावर नाका-कानातून पाण्यासारखं काही गळलं, तर सर्दी समजू नका, लगेच दवाखाना गाठा. आणि गुरुजनहो, रागाच्या भरात मुलाच्या डोक्यावर हात उगारण्याआधी तो नारळ आठवा.