राष्ट्राची नाडी पाहणारा वैद्य

एखाद्या प्रांतातले पीक बुडाले की दूरच्या पेठेतला विणकर बेकार होतो, शेतावर बसविलेल्या कराची झळ कारखान्याला लागते, ही गोष्ट आज कोणालाही पटते. अर्थव्यवहारातील हे परस्परावलंबन एका तक्त्यात आकड्यांनिशी मांडता येते, हे दाखवून दिले ते मात्र पेशाने शस्त्रवैद्य असलेल्या एका फ्रेंच गृहस्थाने. फ्रान्स्वा केने हे त्याचे नाव. त्याचे आर्थिक लेखन प्रसिद्ध होऊ लागले, तेव्हा त्याची साठी उलटली होती.

केनेचा जन्म ४ जून १६९४ रोजी व्हर्सायजवळच्या मेरे या खेड्यात झाला. कुटुंब शेतीवर जगणारे. मुलांची संख्या मोठी. अकरा वर्षांचा होईपर्यंत त्याला वाचता येत नव्हते, असे त्याचे चरित्रकार सांगतात. पॅरिसमध्ये ताम्रपटावर खोदकाम करण्याची कला शिकत असतानाच त्याने शस्त्रक्रियेचा अभ्यास केला आणि मांत या गावी व्यवसाय थाटला. त्या काळी शस्त्रवैद्याला पदवीधर वैद्याच्या पंक्तीत स्थान नव्हते. तरीही १७३० मध्ये त्याने रक्तमोक्षणाविषयी ग्रंथ लिहून सिल्वा या मान्यवर वैद्याला आव्हान दिले. शीर कोठे तोडावी याला सिल्वा महत्त्व देई. केनेचे म्हणणे असे, की रक्त हे बंदिस्त वाहिन्यांतून फिरणारे द्रव्य आहे. ते कोठूनही काढले तरी घट साऱ्या देहालाच सोसावी लागते. पुढे हाच विचार त्याने राष्ट्राच्या देहाला लावला.

संधिवात आणि अधू होत चाललेली दृष्टी यांमुळे शस्त्रक्रिया सोडून त्याने १७४४ मध्ये वैद्यकाची पदवी मिळविली. १७४९ मध्ये पंधराव्या लुईची प्रिय सखी मादाम द पाँपादूर हिचा वैद्य म्हणून तो व्हर्सायच्या राजवाड्यात राहावयास गेला. तेथील त्याच्या खोल्यांत दिदरो, दालांबेर यांच्यासारखे विचारवंत जमत. ऐश्वर्याच्या त्या माहेरघरात राहूनही केनेची नजर खिळली होती ती खेड्यांवर. सरदार आणि धर्मगुरू यांना सूट देऊन कराचा भार कुळांवर टाकला जात होता. धान्याच्या वाहतुकीवर बंधने होती, वाटेत जकातनाकी होती. विश्वकोशासाठी १७५६ व १७५७ मध्ये लिहिलेल्या लेखांत त्याने दाखविले, की घोडे, खत आणि अवजारे यांवर पैसा घालू शकणाऱ्या शेतकऱ्याची जमीन दुबळ्या कुळाच्या जमिनीहून कितीतरी अधिक पिकते.

१७५८ मध्ये त्याने आपला प्रसिद्ध आर्थिक तक्ता सिद्ध केला. पुढे सोप्या केलेल्या रूपात त्याचा हिशेब असा : शेतकरी वर्ग वर्षाला ५०० कोटी लीव्रचे उत्पन्न काढतो. त्यापैकी २०० कोटींचे बियाणे आणि अन्न शेतीतच राहते. उरलेले ३०० कोटींचे विकले जाते. जमीनदार खंडाचे २०० कोटी निम्मे अन्नावर, निम्मे कारागिरांच्या मालावर खर्च करतात. कारागीर आणखी १०० कोटींचा माल शेतकऱ्यांना विकतात आणि हाती आलेले २०० कोटी अन्न व कच्चा माल यांसाठी शेतकऱ्यांनाच देतात. अशा रीतीने शेतकऱ्याकडे ३०० कोटी परत येतात. त्यांतून तो १०० कोटी कारागिरांना आणि २०० कोटी खंडापोटी देतो. चक्र पूर्ण होते. परंतु कराने बियाण्यालाच हात घातला, तर पुढचे पीक घटते. मग खंड घटतो, कारागिराचे गिऱ्हाईक घटते आणि अखेर राजाचा खजिनाही आटतो. म्हणून कर घ्यावयाचा तो जमीनदाराच्या वाढाव्यातून, असा केनेचा आग्रह होता.

या विचारात दोष होते. कारागिरी आणि उद्योग यांतून नवे मूल्य निर्माण होत नाही, हे त्याचे मत टिकले नाही. १७६६ मध्ये पॅरिसमध्ये त्याला भेटलेल्या अ‍ॅडम स्मिथने ते खोडून काढले. तरीही केने हयात असता तर आपला ग्रंथ त्यालाच अर्पण करण्याचा स्मिथचा मानस होता. दुसरा दोष अधिक जिव्हारी लागणारा होता. केनेच्या अनुयायांच्या प्रभावाने १७६३-६४ मध्ये धान्यव्यापार खुला झाला. पाठोपाठ महागाई आली आणि १७७० मध्ये बंधने परतली. १७७४ च्या सप्टेंबरात तुर्गोने व्यापार पुन्हा खुला केला. १६ डिसेंबर १७७४ रोजी केने निवर्तला. पुढच्याच वसंतात महागड्या पिठासाठी दंगे उसळले आणि १७७६ मध्ये तुर्गोलाही पायउतार व्हावे लागले. चढे भाव शेती सुधारतील हे खरे मानले, तरी ती सुधारेपर्यंत मजुराने खावे काय, याचे उत्तर तक्त्यात नव्हते.

केनेचा सिद्धांत मागे पडला, पद्धत मात्र जगली. १९३६ मध्ये वासिली लिऑन्टिएफ याने अमेरिकेच्या अर्थव्यवस्थेचा असाच तक्ता बांधताना केनेच्या तक्त्याचेच नाव त्याला दिले. त्यातून वाढलेल्या आदान-प्रदान विश्लेषणासाठी त्याला १९७३ चे नोबेल पारितोषिक मिळाले. कोणत्या उद्योगाला कोणाकडून किती माल लागतो, एखाद्या प्रदेशात गिरणी निघाली किंवा बंद पडली तर कोणकोणत्या धंद्यांना तिचा धक्का पोहोचेल, याचा अंदाज आज याच मार्गाने बांधला जातो. पण तक्ता प्रवाहाची दिशा दाखवितो. तो प्रवाह दारापर्यंत येण्याआधी कोण उपाशी राहील, हे राज्यकर्त्याला स्वतंत्रपणे पाहावे लागते. केनेच्या चरित्रातून घ्यावयाचे धडे हे असे दोन आहेत आणि दुसरा विसरून पहिला गिरविणे धोक्याचे आहे.