रुडॉल्फ डिझेल
रुडॉल्फ डिझेल (१८ मार्च १८५८, पॅरिस – २९ सप्टेंबर १९१३) हे डिझेल इंजिनाचा शोध लावणारे जर्मन अभियंते होते. म्युनिक येथे कार्ल फॉन लिंडे हे त्यांचे शिक्षक होते. १८९७ साली आउग्सबुर्ग येथे त्यांचे इंजिन यशस्वी ठरले. इंधनातील सुमारे २६ टक्के ऊर्जा त्यात कामी येई. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात असे एक इंजिन कोणताही बदल न करता शेंगदाण्याच्या तेलावर चालवण्यात आले. १९१२ मध्ये डिझेल यांनी वनस्पती तेलांना भविष्यात खनिज तेलाइतके महत्त्व येईल, असे मत मांडले. पुढच्याच वर्षी इंग्लंडला जाताना ते जहाजावरून बेपत्ता झाले. स्वस्त खनिज तेलामुळे त्यांचे नाव खनिज इंधनालाच चिकटले. वनस्पती तेलावर मिथेनॉलची प्रक्रिया करून मिळणारे जैवडिझेल आज त्याच इंजिनांत वापरले जाते.