नर्स नंबर एक

मैत्रिणींनो, फ्लॉरेन्स नाइटिंगेल हे नाव आपल्याला शाळेच्या पुस्तकापासून ठाऊक आहे. हातात दिवा घेऊन जखमी सैनिकांच्या खाटांमधून फिरणारी ती बाई आपल्या मनात घर करून बसली आहे. पण याच नाइटिंगेलबाईंच्या विरोधात उभी राहून, नर्सला कायद्यानं ओळख मिळवून देणारी आणखी एक बाई होऊन गेली. तिचं नाव एथेल बेडफर्ड फेनविक. इंग्लंडच्या सरकारी नोंदवहीत नर्स नंबर एक म्हणून तिचंच नाव आहे.

एथेलचा जन्म 26 जानेवारी 1857 चा, स्कॉटलंडमधल्या एल्गिन गावाजवळचा. ती अगदी तान्ही असताना वडील वारले. आईनं दुसरं लग्न केलं. सावत्र वडील पुढे पार्लमेंटचे सभासद झाले, म्हणजे घर खाऊनपिऊन सुखी. अशा घरातल्या मुलीनं पियानो शिकावा, भरतकाम करावं आणि चांगलं स्थळ बघून लग्न करावं, ही तेव्हाची रीत. एथेल मात्र 1878 मध्ये नॉटिंगहॅमच्या मुलांच्या दवाखान्यात नर्सचं काम शिकायला गेली. तिथून मँचेस्टर, मग लंडन. आणि 1881 मध्ये, अवघ्या चोविसाव्या वर्षी, लंडनच्या जुन्या आणि नामांकित सेंट बार्थोलोम्यू हॉस्पिटलची मेट्रन झाली! आपल्याकडे त्या वयात सून म्हणून स्वयंपाकघराचा ताबासुद्धा मिळत नाही.

1887 मध्ये डॉ. बेडफर्ड फेनविक यांच्याशी लग्न झालं आणि तेव्हाच्या रिवाजाप्रमाणे नोकरी सोडावी लागली. इथून पुढे त्यांना मी एथेलबाई म्हणते, कारण खरी गोष्ट इथूनच सुरू होते. नोकरी सुटली, पण बाई घरी स्वस्थ बसल्या नाहीत. त्याच वर्षी त्यांनी ब्रिटिश नर्सेस असोसिएशन सुरू केली. राणी व्हिक्टोरियाची मुलगी हेलेना तिची अध्यक्ष झाली. बाईंची मागणी एकच होती. डॉक्टरांची जशी सरकारी नोंद असते तशी नर्सचीही असावी. तीन वर्षं रीतसर शिकलेली, परीक्षा दिलेली, तीच नर्स.

आज हे ऐकून वाटेल, यात भांडण्यासारखं काय आहे? पण तेव्हा कुणीही पांढरा गणवेश चढवून नर्स म्हणवून घेऊ शकत असे. आजाऱ्याच्या घरी आलेली बाई शिकलेली आहे की कालपर्यंत दुसरंच काम करत होती, हे घरच्यांना कळायचा मार्गच नव्हता. चुकीचं औषध दिलं, हेळसांड झाली, तरी ती दुसऱ्या गावात जाऊन पुन्हा तेच काम करायला मोकळी.

विरोध झालाच. नाइटिंगेलबाईंचं म्हणणं होतं की चांगली नर्स तिच्या स्वभावावरून, मायेवरून ठरते आणि हे गुण कागदावरच्या परीक्षेत मोजता येत नाहीत. त्यात तथ्य नव्हतं असं मी म्हणणार नाही. मोठ्या हॉस्पिटलांचा विरोध मात्र वेगळ्या कारणानं होता. शिकाऊ मुली म्हणजे त्यांना स्वस्तात मिळणारे हात. शिवाय काही हॉस्पिटलं या मुलींना श्रीमंतांच्या घरी पाठवत आणि त्याचे पैसे आपल्या तिजोरीत टाकत. कायदा आला की हे सगळं अडचणीचं होणार होतं.

एथेलबाई तब्बल 32 वर्षं लढल्या. स्वतःच्या संघटनेतही मतभेद झाले आणि त्यांना बाजूला व्हावं लागलं. त्यांनी नवी संघटना काढली. नर्सचं एक नियतकालिक हाती घेतलं आणि कित्येक वर्षं संपादन केलं. 1899 मध्ये आंतरराष्ट्रीय परिचारिका परिषद स्थापन केली आणि तिच्या पहिल्या अध्यक्ष झाल्या. स्त्रियांना मताचा हक्क मिळावा म्हणूनही त्या आग्रही होत्या. इकडे पार्लमेंटमध्ये विधेयकं यायची आणि पडून राहायची. 1902 मध्ये सुइणींचा कायदा झाला, तिकडे दूर न्यूझीलंडमध्ये नर्सची नोंदणीही सुरू झाली, पण इंग्लंडच्या नर्स ताटकळतच राहिल्या. पहिल्या महायुद्धात स्वयंसेवक मुलींनी हॉस्पिटलं भरली, तेव्हा शिकलेली कोण आणि हौशी कोण हा प्रश्न सगळ्यांच्याच डोळ्यांवर आला. अखेर 23 डिसेंबर 1919 ला कायदा झाला. बाई तेव्हा 62 वर्षांच्या होत्या.

कायद्यानं जनरल नर्सिंग कौन्सिल नावाची परिषद नेमली. इंग्लंड आणि वेल्ससाठी 25 सदस्य, त्यातल्या 16 नर्स. एथेलबाई सदस्य झाल्या आणि नोंदणी समितीचं अध्यक्षपदही त्यांच्याकडे आलं. मागणी करणाऱ्या बाईच्या हाती आता अंमलबजावणी आली. सामाजिक कामात असल्यामुळे मला बाईंच्या आयुष्यातला हा भाग सर्वांत मोलाचा वाटतो. मोर्चा काढणं एक आणि खुर्चीवर बसून एकेका अर्जावर हो किंवा नाही लिहिणं दुसरं!

कायद्याच्या आधीपासून काम करणाऱ्या नर्सना ठरावीक मुदतीत नोंदणीची सवलत होती, पण पुरेसं ज्ञान आणि अनुभव असेल तरच. तो आहे की नाही हे परिषदेनं ठरवायचं. विचार करा, वीस वर्षं रात्री जागून रुग्णांची सेवा केलेली एखादी बाई, पण दाखला अपुरा. नाही म्हणावं तर तिच्या पोटावर पाय. हो म्हणावं तर उद्याच्या रुग्णाचं काय? एथेलबाई अर्ज न् अर्ज बारकाईनं तपासायच्या. त्यामुळे अर्जांचे ढीग साचले, कामाचा वेग मंदावला. सहकारी वैतागले. 1921 च्या अखेरीस अध्यक्षांसह बऱ्याच सदस्यांनी राजीनामे दिले. ते परत आले, पण समितीचं अध्यक्षपद बाईंच्या हातून गेलं. पुढे नोंद झालेल्या नर्सनी मतं देऊन परिषद निवडायची वेळ आली. त्या पहिल्याच निवडणुकीत एथेलबाई हरल्या. ज्या नोंदवहीसाठी त्यांनी उमेदीची वर्षं घातली, त्याच नोंदवहीतल्या बायकांनी त्यांना घरी बसवलं.

दोष त्यांच्यातही होता. स्वभाव हट्टी, बोलणं तोडून टाकणारं. नर्स चांगल्या घरातलीच हवी असा काहीसा उच्चभ्रू आग्रहही होता. गरिबाघरची मुलगी तितकीच चांगली नर्स होऊ शकते, हे आज सांगायची गरज नाही. पण पाया त्यांनी घातला. 1925 पासून सरकारी परीक्षा सुरू झाली. वाईट वागणाऱ्या नर्सचं नाव वहीतून काढायचा अधिकार परिषदेला होता. हरल्यावरही बाई लिहीत राहिल्या, 1926 मध्ये नर्ससाठी आणखी एक संस्था काढली. 13 मार्च 1947 रोजी, नव्वदाव्या वर्षी, त्या गेल्या.

त्याच वर्षाच्या शेवटी, स्वतंत्र भारतात इंडियन नर्सिंग कौन्सिलचा कायदा झाला. मुंबई इलाख्यात नर्स आणि दाईंच्या नोंदणीचा कायदा त्याआधीच 1935 मध्ये आला होता, आणि 1966 मध्ये महाराष्ट्राचा स्वतःचा परिचारिका कायदा झाला. 2023 मध्ये संसदेनं परिचारिका आणि प्रसूतिसेवेसाठी नवा कायदा केला.

हे सगळं तुमच्यापुढे मांडायचं कारण आहे. बचत गटाच्या कामानं गावोगाव फिरताना मला अशा मुली भेटतात, ज्यांच्या आईवडिलांनी कर्ज काढून सहा महिन्यांच्या कुठल्याशा नर्सिंग कोर्सची फी भरलेली असते. हाती छान छापलेलं प्रमाणपत्र येतं, पण त्यावर कौन्सिलमध्ये नोंद होत नाही. मग खासगी दवाखान्यात तुटपुंज्या पगारावर राबायचं आणि सरकारी भरतीत अर्जही करता येत नाही. शंभर वर्षांपूर्वीच्या त्या शिकाऊ मुलींपेक्षा यांची गत काय वेगळी?

तेव्हा लेकीला, भाचीला नर्सिंगला घालणार असाल तर फीच्या आधी एवढं विचारा, या संस्थेला कौन्सिलची मान्यता आहे का? एएनएम दोन वर्षांचा, जीएनएम तीन वर्षांचा आणि बीएस्सी नर्सिंग चार वर्षांचा असतो, हे लक्षात ठेवा. शिक्षण पुरं झाल्यावर महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलमध्ये नाव नोंदवता येईल का, तेही विचारा. समोरचा माणूस टाळाटाळ करू लागला, तर पर्स बंद करून सरळ उठून या.