गानहिरा हिराबाई बडोदेकर

घरंदाज स्त्रीने चारचौघांत गाणे ज्या काळात कमीपणाचे मानले जात असे, त्या काळात तिकीट लावून जाहीर जलसे करण्याचे धाडस हिराबाई बडोदेकर यांनी केले. आज गायिका सन्मानाने व्यासपीठावर बसते, त्यामागे हिराबाईंच्या दीर्घ कारकिर्दीचा मोठा वाटा आहे.

मे १९०५ मध्ये मिरज येथे त्यांचा जन्म झाला. किराणा घराण्याचे थोर गायक उस्ताद अब्दुल करीम खाँ हे त्यांचे वडील, तर बडोद्याच्या ताराबाई माने या आई. त्यांचे मूळ नाव चंपाकली. आईवडील विभक्त झाल्यावर भावंडांची नावे बदलली आणि चंपाकलीची हिराबाई झाली. वडिलांचा सहवास सुटला, घराण्याचे गाणे मात्र सुटले नाही. बंधू सुरेशबाबू माने आणि उस्ताद अब्दुल वहीद खाँ यांच्याकडून त्यांना तालीम मिळाली.

त्यापूर्वी स्त्रियांचे गाणे प्रामुख्याने खासगी बैठकींतून आणि मोजक्या धनिकांसमोर होत असे. हिराबाईंनी ते सर्वसामान्य रसिकांपर्यंत नेले. साधा पेहराव, हावभावांना फाटा आणि संपूर्ण लक्ष सुरावर, ही त्यांची रीत होती. त्यामुळे मध्यमवर्गीय कुटुंबे मुलींसह मैफलीला येऊ लागली. संथ आलापी आणि स्वरांचा गोडवा यांमुळे ख्यालाइतकीच त्यांची ठुमरी, भजने व नाट्यपदेही लोकप्रिय झाली. त्यांच्या ध्वनिमुद्रिका घरोघरी पोहोचल्या.

पुरुषांनी स्त्रीभूमिका करण्याचा प्रघात असताना ‘नूतन संगीत विद्यालया’च्या नाट्यशाखेतून हिराबाई आणि त्यांच्या भगिनी रंगभूमीवर उतरल्या. ‘सौभद्र’सारख्या नाटकांतून स्त्रीभूमिका स्त्रियांनीच साकारल्या. ही नाटक मंडळी फार काळ टिकली नाही. तथापि कुलीन स्त्रीला रंगभूमीचे दार उघडण्यात तिचा वाटा मोलाचा ठरला. हिराबाईंनी काही चित्रपटांतही भूमिका केल्या, पण त्यांचा जीव रमला तो मैफलीतच.

साठी गाठल्यावरही त्यांनी नवी वाट शोधली. धाकट्या भगिनी सरस्वती राणे यांच्यासह त्यांनी सादर केलेली ख्यालगायनाची जुगलबंदी रसिकांना अपूर्व वाटली. दोन स्त्रियांनी मिळून ख्याल गाण्याचा प्रघात तोवर रूढ नव्हता. माणिक वर्मा, प्रभा अत्रे यांच्यासारख्या गायिकांना त्यांचे मार्गदर्शन लाभले.

संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार (१९६५) आणि पद्मभूषण (१९७०) हे सन्मान त्यांना मिळाले. नोव्हेंबर १९८९ मध्ये त्यांचे निधन झाले. कोणतीही चळवळ न उभारता, कोणाशी वाद न घालता, केवळ गात राहून त्यांनी समाजाची दृष्टी बदलली. पुढच्या पिढीतील गायिकांना गाण्याच्या अधिकारासाठी तितके झगडावे लागले नाही, हेच हिराबाईंचे खरे देणे.