पियुषिकेचा छडा लावणारे कुशिंग

मेंदूच्या तळाशी, नाकाच्या मागच्या अंगाला, वाटाण्याएवढी पियुषिका ग्रंथी (पिट्युटरी) असते. वजन जेमतेम अर्धा ग्रॅम, पण थायरॉइड, अ‍ॅड्रिनल आणि पुरुषांचे वृषण तिच्याच हुकमावर चालतात. हा कारभार डॉक्टरांच्या ध्यानी आणून देणाऱ्यांत अग्रणी होते अमेरिकी शल्यविशारद हार्वे कुशिंग.

कुशिंग यांचा जन्म १८६९ चा, क्लीव्हलँडचा. घराण्यात डॉक्टरकी पिढीजात होती. येल, हार्वर्ड आणि मग बाल्टिमोरचे जॉन्स हॉपकिन्स असा त्यांचा प्रवास झाला. १९०१ मध्ये इटलीत पाहिलेले रक्तदाब मोजण्याचे यंत्र त्यांनी अमेरिकेत नेले. शस्त्रक्रियेच्या वेळी रक्तदाब मोजण्याची सवय तिथे लागली ती त्यांच्यामुळे.

बाल्टिमोरच्या प्रयोगशाळेत त्यांनी कुत्र्यांच्या पियुषिकेचा काही भाग काढून पाहिला. कुत्री लठ्ठ आणि सुस्त झाली, त्यांची जननेंद्रिये आक्रसली. हेच चित्र त्यांना रुग्णांत दिसले. दाढी विरळ झालेले, थंडी सहन न होणारे, अंगावर चरबी चढलेले पुरुष. भरपूर साखर खाऊनही ती लघवीत उतरत नसे. हा आळस नसून संप्रेरकांची कमतरता आहे, हे त्यांनी १९१२ च्या आपल्या ग्रंथात सविस्तर मांडले. असे रुग्ण आमच्या ओपीडीत आजही येतात, आणि बहुतेकांनी घरी ‘आळशी’ हा शिक्का आधीच खाल्लेला असतो.

निदान झाले, पण उपचार कुठे होता? कुशिंग यांनी जनावरांच्या ग्रंथींचा अर्क देऊन पाहिला. १९११ च्या अखेरीस तर एका मृत अर्भकाची पियुषिका त्यांनी ४८ वर्षांच्या रुग्णात बसवली. त्याला थोडे दिवस बरे वाटले, मग लक्षणे परतली आणि तो दगावला. आज या प्रयोगाला परवानगी मिळणार नाही. अर्क तोंडाने देण्यातही अडचण होतीच, कारण पियुषिकेची संप्रेरके प्रथिनांची असतात आणि पोटात पचून जातात.

आता हरवलेले जवळपास प्रत्येक संप्रेरक औषध म्हणून मिळते. फक्त क्रम पाळावा लागतो. आधी कॉर्टिसॉल, मग थायरॉक्सिन. उलटे केले तर चयापचय वाढून उरलेसुरले कॉर्टिसॉल झपाट्याने संपते आणि रुग्णाच्या जिवावर बेतू शकते. टेस्टोस्टेरॉनने स्नायू भरतात आणि चरबी घटते, मात्र रक्त दाट होत नाही ना, हे तपासत राहावे लागते. वाढीच्या संप्रेरकावर १९८९ मध्ये २४ प्रौढांचा अभ्यास झाला. सहा महिन्यांत चरबी सुमारे साडेपाच किलो घटली आणि जवळपास तितकेच चरबीविरहित वजन वाढले. पण हे संप्रेरक इन्सुलिनच्या विरुद्ध काम करते, म्हणून साखरेवर लक्ष हवे. शिवाय ते सुरू केल्यावर आधी झाकलेली कॉर्टिसॉलची कमतरता कधीकधी उघडी पडते.

कॉर्टिसॉलचा डोस गरजेपेक्षा जास्त झाला की पोट सुटते, चेहरा गोल होतो, साखर चढते. या अवस्थेलाच कुशिंग सिंड्रोम म्हणतात. कमतरतेवर इतके काम केलेल्या माणसाचे नाव अतिरेकाच्या आजाराला चिकटले, ते त्यांच्या १९३२ च्या लेखामुळे.

सिगारेटचा नाद त्यांना अखेरपर्यंत सुटला नाही. पायांच्या रक्तवाहिन्या खराब झाल्या आणि ऑक्टोबर १९३९ मध्ये हृदयविकाराने ते गेले. शवविच्छेदनात त्यांच्या स्वतःच्या मेंदूत, पियुषिकेच्या वरच्या पोकळीत, एक छोटी निरुपद्रवी गाठ सापडली.